थंडीतले खेळ घरातले, खेळणीही घरातलीच



गव्हाला पाणी, उन्हाळी कांद्याची लागण, द्राक्षबागेतली विरळणी, उसाची तोड. मार्गशीर्ष-पौषात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या हाताला काम असते. त्यातून विजेची पाळी रात्रीची आली तर घरधनी रात्रभर पाण्यावर आणि दिवसा अर्धवट झोपेत. या सदरात आपण नेहमी पिकांविषयी बोलतो. आज मात्र या धांदलीत घरात मागे राहणाऱ्या एका जिवाविषयी बोलायचे आहे. तो जीव म्हणजे सहा वर्षांच्या आतले आपले मूल.

आपली थंडी काही बर्फाची नव्हे. तरी निफाडसारख्या भागात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि वस्तीवर नदीकाठचा गारठा आणखी बोचतो. दुपारी अकरा ते चार मुलाला अंगणात, उन्हात मोकळे सोडावे, त्याहून चांगले औषध नाही. अडचण येते ती दोन वेळांना. सकाळी दव उतरेपर्यंत, आणि संध्याकाळी सहाला अंधार पडला की झोपेपर्यंत. हे रोजचे चार-पाच तास मूल घरात असते आणि घरातली माणसे कामात असतात.

मग काय होते? कुठे मुलाला गोधडीत गुंडाळून हातात मोबाईल दिला जातो. ते गप्प बसते, आपणही म्हणतो, "पोर फार गुणाचं आहे." कुठे आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या मुलीला शाळेतून घरी ठेवून धाकट्याला सांभाळायला लावतात. म्हणजे एकाच्या वेळेबरोबर दुसरीचे शिक्षणही बुडते. या चार-पाच तासांचे काय करता येईल, तेही पदरचा पैसा न घालता आणि काम न थांबवता, ते आज पाहू.

खेळ म्हणजे वेळ दवडणे नव्हे

"खेळून काय पोट भरतं?" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. हा प्रश्न वाजवी आहे, म्हणून त्याचे उत्तर हिशेबानेच देतो.

माणसाच्या मेंदूची बहुतेक वाढ सहा वर्षांच्या आत होते. आपल्या देशाच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे प्रमाण ८५ टक्क्यांहून जास्त दिले आहे. कांद्याचे रोप जसे गादीवाफ्यावर तयार होते, तसेच हे. रोपच पिवळे, लुळे निघाले तर पुढे खतावर खर्च वाढतो. मूल काही कांद्याचे रोप नव्हे, ते पुढेही सुधारते, हे खरे. पण सुरुवातीला जे थोडक्यात होते, त्याला पुढे दसपट कष्ट पडतात.

आता प्रयोगाची गोष्ट. जमैका हे बेट आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. तिथेही ऊस पिकतो. त्याच्या राजधानीत, किंग्स्टन शहरात, १९८६-८७ साली संशोधकांनी गरीब वस्त्यांतील ९ ते २४ महिन्यांची १२९ मुले निवडली. ही सगळी मुले वयाच्या मानाने उंचीला कमी, म्हणजे वाढ खुंटलेली होती. आपण खताच्या प्रयोगात वाफे पाडतो तसे त्यांनी मुलांचे चार गट पाडले. एका गटाला पूरक आहार दिला. दुसऱ्याला खेळ दिला. तिसऱ्याला दोन्ही दिले, आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही.

"खेळ दिला" म्हणजे काय केले? आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर, त्या घरी जायची. सोबत घरगुती वस्तूंतून बनवलेली साधी खेळणी न्यायची आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे आईला करून दाखवायची. असे दोन वर्षे चालले. ती मुले मोठी होऊन कमावती झाल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठले. त्याचा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना लहानपणी तो खेळ मिळाला होता, त्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसता पूरक आहार मिळालेल्यांत असा टिकाऊ फरक दिसला नाही.

याचा अर्थ आहार नको असा मुळीच घेऊ नका. उपाशी मूल खेळतही नाही. अर्थ एवढाच की पोटाबरोबर मुलाला माणूसही लागते. आणि नीट लक्ष द्या, त्या आया शिकलेल्या नव्हत्या की श्रीमंत नव्हत्या. खेळणी बाजारातली नव्हती. पीक आले ते बोलण्याचे आणि सोबत खेळण्याचे.

आपल्याकडेही हे कोणी केलेले नाही असे नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये रुजले. तो भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून या बायांनी बिया, शंख-शिंपले, पाने, दगड आणि माती हीच साधने केली. आपल्या घरात तर याहून जास्त आहे. आता वयाप्रमाणे पाहू.

एक वर्षाच्या आत

या वयाचे सगळ्यांत मोठे खेळणे म्हणजे तुमचा चेहरा आणि तुमचा आवाज. तेल लावताना, अंघोळ घालताना, कपडे चढवताना मुलाशी बोलत राहा. "आता हात चोळू, आता पाय चोळू, हे बघ बोट." मुलाने "अं, ऊं" केले की आपण थांबायचे, त्याच्याकडे पाहायचे आणि उत्तर द्यायचे. बोलणे असेच सुरू होते, पाळीपाळीने.

दिवसातून थोडा थोडा वेळ, मूल जागे असताना, जमिनीवर जाड गोधडी टाकून त्याला पालथे ठेवा. जवळ कोणीतरी बसलेले हवे. सगळा मिळून दिवसाचा अर्धा तास व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. त्याने मान, खांदे आणि पाठ बळकट होते. थंडीत मूल सतत कुंचीत, दुपट्यात बांधलेले राहते, म्हणून हे मुद्दाम करावे लागते. झोपवताना मात्र उताणेच झोपवावे.

सहा महिन्यांनंतर पदराआड तोंड लपवून कुक् करणे हा जुना खेळ. दिसेनासे झालेले माणूस परत येते, हे मूल त्यातून शिकते. एक वाटी आणि एक चमचा दिला तर ते तासभर वाजवील. आवाज सोसा, कारण "मी आपटले म्हणून वाजले" हा त्याच्या आयुष्यातला पहिला शोध आहे.

एक ते तीन वर्षे

या वयाला घालायचे, काढायचे, भरायचे, सांडायचे असते. चुलीपासून लांबचा एक कोपरा ठरवा आणि तिथे एक टोपली ठेवा. तीत मोठे-लहान डबे व त्यांची झाकणे, एकात एक बसणाऱ्या वाट्या, लाकडी पळी, जुन्या लुगड्याच्या चिंध्या, धुतलेले मोठे बटाटे, एखादे मक्याचे कणीस. कुठले झाकण कुठल्या डब्याचे, हे मूल स्वतः शोधून काढते. तुम्ही लगेच लावून देऊ नका. दहा वेळा चुकेल, अकराव्यांदा बसेल.

भाकरी करताना त्याला पिठाचा एक गोळा द्या. थापणे, वळणे, चिमटे काढणे यांतून बोटांत जोर येतो. हीच बोटे पुढे पेन्सिल धरणार आहेत. अर्धा गोळा हळद घालून पिवळा करा म्हणजे रंगही शिकेल. खेळून झालेला गोळा गाईपुढे टाकावा, वाया काही जात नाही.

पायांसाठी चऱ्हाट जमिनीवर सरळ पसरा आणि त्यावरून चालायला सांगा. उशी ओलांडणे, खाटेखालून रांगत जाणे, बेडकासारखी उडी, बगळ्यासारखे एका पायावर उभे राहणे. एक वर्षावरच्या मुलाची दिवसभरात मिळून निदान तीन तास हालचाल व्हावी, असे वर सांगितलेल्याच सूचनांत म्हटले आहे. गोधडीत बसून ती कशी होणार?

या वयाला धान्य, कडधान्य, बिया खेळायला देऊ नका. त्याचे कारण पुढे सांगतो.

तीन ते सहा वर्षे

आता आपल्या शेतीची खरी गंमत सुरू होते.

*निवडणे.* आजी सूप घेऊन बसली की शेजारी एक ताट मुलापुढे ठेवा. त्यात तूर, हरभरा, वाल, मका मूठ मूठ मिसळून द्या. चार वाट्या मांडा. एकसारखे एका वाटीत. हे जमले की प्रश्न विचारा. सगळ्यांत मोठा दाणा कोणता? गोल कोणता, चपटा कोणता? वेगळे करणे, नाव देणे आणि सारखेपणा ओळखणे हाच पुढच्या गणिताचा आणि वाचनाचा पाया. शिवाय पोर बियाणे ओळखायला शिकते ते वेगळेच.

*मापे.* माळ्यावर जुनी चिपटे, मापटे, शेर, पायली धूळ खात पडली असतील. ती खाली काढा आणि घासून घ्या. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ज्वारीची रास करून मुलाला भरू द्या. "चिपट्याने शेर भरायचा, किती वेळा ओतशील?" आधी अंदाज सांगायचा, मग ओतून पाहायचे. चार चिपटी ओतली की शेर भरतो. पाच वर्षांचे मूल याप्रमाणे दुप्पट, निम्मे, पाव हे हाताने शिकते. असे शिकलेले विसरत नाही. आपल्या भागात मापांची नावे वेगळी असतील तर तीच वापरा.

*पिशवीत काय?* कापडी पिशवीत वांगे, कांदा, भुईमुगाची शेंग, चमचा, चिंचेचा आकडा घाला. न पाहता हात घालून ओळखायचे. तसेच डोळे झाकून वासावरून जिरे, ओवा, लसूण, गूळ ओळखायचा. वीज गेली की हा खेळ अधिक रंगतो.

*सावल्या.* वीज नसताना बॅटरीच्या उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्या पाडा. हरीण, कुत्रा, पक्षी. हात दिव्याजवळ नेला की सावली मोठी का होते, हे मूल विचारील. उत्तर सांगू नका, त्यालाच करून पाहू द्या.

*माती.* कुंभाराकडची चाळलेली माती आणावी. पोळ्याला बैल करणारे हात थंडीतही चालवावेत. मात्र ओली माती दुपारी, उन्हाच्या पडवीत. फवारणी झालेल्या शेतातली किंवा गोठ्यातली माती नको.

*चिंचोके.* चिंचोका दगडावर घासून एका बाजूने पांढरा करावा. पाच-सहा चिंचोके टाकावेत आणि किती पांढरे, किती काळे पडले ते मोजावे. जमिनीवर खडूने घरे आखून तितकी घरे पुढे सरकायचे. यात मोजणी तर आलीच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि हरलो तरी न रडणे.

*भातुकली.* ही फक्त मुलींची हे डोक्यातून काढून टाका. मुलगा स्वयंपाक करील, मुलगी ट्रॅक्टर चालवील, एखादे दुकान मांडील, एखादे डॉक्टर होईल. मूल जे पाहते ते खेळात पुन्हा जगून पाहते. कधी भातुकलीतल्या भांडणात आपलेच शब्द ऐकू येतात, त्यातून आपणही शिकावे.

*गोष्ट.* झोपताना एक गोष्ट हवीच. रोज नवी लागत नाही, मुलाला तीच ती आवडते. अर्ध्यावर थांबून "मग काय झालं असेल?" असे विचारा. गावाकडची कोडी, उखाणे, नात्यांची नावे, गुरांची नावे, सगळे चालते. आपल्या बोलीतच बोला. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, कोकणी असो, ज्या भाषेत आजीचे मन मोकळे होते तीच मुलासाठी चांगली. पुस्तकी मराठी पुढे शाळेत येईल.

वडील मंडळींना चार शब्द

हे सदर आया-बायांनी वाचून सोडून द्यायचे नाही. मुलाशी खेळणे हे बाईचे काम अशी आपली समजूत आहे. पण कडब्यातले धांडे सोलून, आतल्या मऊ गाभ्यात सालीच्या काड्या खोचून बैलगाडी करावी तर ती बापाने किंवा आजोबानेच. आपल्यातले अनेकजण लहानपणी अशाच गाड्या ओढत मोठे झाले. धांड्याची साल धारदार असते, ती बोट कापते. म्हणून सोलायचे काम मोठ्याने करावे आणि जोडायचे मुलाने.

रात्रीची पाळी करून आलेल्या माणसाला तासभर खेळा असे मी सांगणार नाही. जेवणाआधीचा पाव तास द्यावा. त्या पाव तासात मोबाईल खुंटीवर. आणि थोरल्या मुलीला शाळेतच पाठवावे. संध्याकाळी तिने धाकट्याशी जरूर खेळावे, पण खेळ म्हणून, रोजंदारीसारखे नव्हे.

मोबाईलबद्दल स्पष्ट सांगतो. एक वर्षाच्या आत तो अजिबात नको. दुसरे वर्षही त्याविना काढावे. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून जास्त नाही, आणि जितका कमी तितका बरा. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेची आहे. मोबाईल मुलाशी बोलतो असे वाटते, पण मुलाने "अं" केले तर तो उत्तर देत नाही.

कोणत्या बिया हाताशी नकोत

आता माझ्या खात्याची गोष्ट. ती दोनदा वाचावी.

१. *औषध लावलेले बियाणे.* रब्बीच्या पेरणीतून उरलेले गहू-हरभऱ्याचे बियाणे पुष्कळदा गुलाबी, लाल किंवा हिरवे दिसते. तो बीजप्रक्रियेच्या औषधाबरोबरचा रंग आहे. मुलाला तो दाणा सुंदर दिसतो. असे बियाणे धुऊनही खेळायला देऊ नये, कोंबड्यांना टाकू नये, दळू नये. ते कुलपात ठेवावे.

२. *कीटकनाशकांचे रिकामे डबे, बाटल्या, टोपणे, मापाचे पेले.* कितीही विसळले तरी ती खेळणी नव्हेत. खताच्या गोणीवर मुलाला बसवू नये, त्या गोणीची गादीही करू नये.

३. *विषारी बिया.* लाल-काळी गुंज, एरंडी, मोगली एरंड म्हणजे चंद्रज्योत, धोतऱ्याच्या बिया, आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी. बिट्ट्यांनी खेळायची पोरांना सवय असते. पण बिट्टी पोटात गेली तर हृदयावर परिणाम होतो आणि जीव जाऊ शकतो. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून मुले एकमेकांना वाटून खातात. कुंपणाची ही झाडे मुलांना दाखवून ठेवा.

असे काही पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी मिठाचे पाणी पाजून ओकाऱ्या काढत बसू नये. उरलेली बी किंवा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते.

४. *घशात अडकणारे दाणे.* शेंगदाणा, हरभरा, वाटाणा, चिंचोका, बोराची आठोळी. तीन वर्षांच्या आतले मूल वस्तू तोंडात घालून पारखते आणि हसता हसता, पळता पळता दाणा श्वासनळीत जातो. पावणेदोन इंचांहून लहान, म्हणजे लहानशा लिंबाहून लहान, कोणतीही वस्तू या वयाच्या हाती नको. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत देऊच नयेत, कूट करून द्यावेत. हुरड्याच्या दिवसांत आणि संक्रांतीला हे विशेष सांभाळावे. बोरन्हाण जरूर करा, तो मुलांचा हौसेचा सण आहे. पण तान्ह्याच्या डोक्यावरून चुरमुरे ओता. बोरे, हरभरे, उसाचे करवे, हलवा हे बाजूला ताटात राहू द्या आणि खाली सांडलेले लगेच गोळा करा.

दाणा अडकून मूल खोकत असेल तर खोकू द्या, घशात बोट घालू नका. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल तर मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने जोराचे पाच दणके द्या. तान्हे असेल तर हातावर पालथे, डोके खाली करून द्या. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. तेवढ्याने दाणा निघाला नाही तर पुढे काय करायचे, ते उपकेंद्रातल्या सिस्टरांकडून आधीच करून पाहून शिकावे. वाचून ते नीट जमत नाही. आणखी एक गोष्ट. शेंगदाणा खाताना ठसका लागला, मग बरे वाटले, पण खोकला आठवडाभर गेला नाही, तर तो थंडीचा खोकला समजून काढे देत बसू नका. डॉक्टरांना ठसक्याची हकिगत जरूर सांगा.

५. *विस्तव.* शेकोटी, बंब, चूल आणि न्हाणीतली कढत पाण्याची बादली. खेळाचा कोपरा यांपासून लांब हवा. दारे-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवू नये. तिचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपेतच माणूस जातो. तान्ह्याला अंघोळीनंतर धुरी देण्याची चाल आहे. त्या धुराने लहान छातीला त्रास होतो. कोरड्या कपड्याने पुसून आईच्या कुशीत धरले की पुरेशी ऊब मिळते.

खेळता खेळता पारख

मुलाशी रोज खेळणाऱ्या माणसाला त्याची अडचण सगळ्यांत आधी कळते. सहा महिन्यांचे मूल आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे होऊनही "बाबा, दादा" असे काही आवाज काढत नसेल, दीड वर्षाचे होऊन चालत नसेल, दोन वर्षांचे होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी येत असलेले विसरत असेल, तर "आमच्यात सगळी उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते. तारीख अंगणवाडीताईंना विचारावी. तोवर थांबायचे नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तपासणी मोफत आहे.

तीन वर्षांवरच्या मुलाला अंगणवाडीत नेमाने धाडावे. तिथे फक्त खाऊ मिळतो असा गैरसमज आहे. घरी एकटे खेळणारे मूल तिथे चारचौघांत खेळते, आणि ते घरी शिकवता येत नाही.

रोजचे वेळापत्रक

सकाळी भाकऱ्या होईपर्यंत पिठाचा गोळा किंवा डब्यांची टोपली. ऊन चढल्यावर अंगण. संध्याकाळी दिवेलागणीला आजीच्या सुपाशेजारी निवडण. जेवणाआधी पाव तास बापाबरोबर उड्या, दोरावरची चाल किंवा चिंचोके. अंथरुणात गोष्ट. यात नवे काम एकही नाही. जी कामे आपण करतोच, त्यांच्या कडेला मुलाला बसवायचे आणि तोंडाने बोलत राहायचे, एवढेच. टोपलीतल्या वस्तू दर आठवड्याला बदलाव्यात, म्हणजे मुलाला त्या पुन्हा नव्या वाटतात.

एक सूचना. खेळात मूल चुकले तर हसू नका, आणि शेजारच्या पोराशी तुलना करू नका. एकाच गादीवाफ्यातली सगळी रोपे एका दिवशी लागणीला येत नाहीत, हे शेतकऱ्याला काय सांगायचे?

तेव्हा आजच दोन कामे करावीत. उरलेले रंगीत बियाणे आणि औषधांचे डबे कुलपात टाका. आणि माळ्यावरचे चिपटे-मापटे खाली काढून, उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळत ठेवा. संध्याकाळी ज्वारीची रास करून पोरासमोर बसा. खाली अंथरूण मोठे घाला, कारण पहिल्या दिवशी ज्वारी सगळ्या घरभर होणार आहे.